हृदयावरील शस्त्रक्रिया आणि ड्रायव्हरचा परवाना

ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी मालमोटार पाच सेकंदांत ८० मीटरांहून अधिक अंतर तोडते. खंडाळ्याच्या घाटात ड्रायव्हरला तेवढा वेळ घेरी आली तर काय होईल, हे सांगावयास नको. परंतु हृदयावर शस्त्रक्रिया झाली एवढ्यावरून त्याला कायमचे घरी बसवणे न्यायाचे होईल काय? त्याच्या घरची चूल त्याच चाकावर पेटत असते.

बायपास म्हणजे पायातील शीर किंवा छातीतील रोहिणी घेऊन तुंबलेल्या रोहिणीला वळसा देणे. १९६७ साली अमेरिकेतील क्लीव्हलंड येथे डॉ. रेने फावालोरो यांनी पायातील शिरेची पद्धत पुढे आणली. शस्त्रक्रियेने हृदय नवे होते अशी पुष्कळांची समजूत असते. ती बरोबर नाही. रक्ताचा पुरवठा सुधारतो. पूर्वीच्या झटक्यात मेलेला स्नायू मात्र परत येत नाही. त्याच्या व्रणापायी ठोक्यांची लय एकाएकी बिघडू शकते आणि माणसाची शुद्ध हरपते. परीक्षकाला खरे भय याचेच. छातीत दुखू लागले तर गाडी कडेला घेता येते. शुद्ध गेल्यावर कोण घेणार?

ब्रिटनमधील नियम या बाबतीत रेखीव आहेत. बायपासनंतर खासगी मोटार चालवणाऱ्याने चार आठवडे थांबावे. बस वा मालमोटार चालवणाऱ्याने तीन महिने. चिरलेले छातीचे हाड सांधून येण्यास मुदत लागते, हे एक कारण. शिवाय बस-मालमोटारीचा ड्रायव्हर चाकामागे बसतो किती तास, आणि त्याच्या हाती वजन केवढे! पुढे दोन कसोट्या. हृदयाचा डावा कप्पा भरलेल्या रक्तापैकी निदान शेकडा ४० भाग प्रत्येक ठोक्याला बाहेर टाकतो ना, हे पाहतात. निरोगी माणसात हे प्रमाण साधारण ५५ ते ७० असते. मग चढत्या सरकत्या पट्ट्यावर नऊ मिनिटे चालवतात, तेही छातीदुखीवरील औषध ४८ तास बंद ठेवून. (हे औषध डॉक्टरांच्या सांगण्यावाचून कोणी बंद करू नये.) लय सावरण्यासाठी विजेचा धक्का देणारे यंत्र छातीत बसवले असेल, तर मालमोटारीचा परवाना कायमचा जातो.

आपल्याकडे वाहतुकीच्या परवान्यासाठी डॉक्टरचा दाखला ‘नमुना १-अ’वर लागतो. त्यात दृष्टी, रंगांची ओळख, ऐकणे, हातापायांतील व्यंग यांची विचारणा असते. बायपासनंतर किती दिवस थांबावे, ते त्यात नाही. २०१९ च्या दुरुस्तीने परवान्याची मुदत पाच वर्षांची झाली. मधल्या काळात शस्त्रक्रिया झाली, तर ती सांगणे बहुतांशी ड्रायव्हरच्याच हाती राहते. आणि रोजगार बुडेल या धास्तीने तो गप्प बसतो. त्याला खोटारडा म्हणणे सोपे आहे. आमच्या मते मालकाने त्या तीन महिन्यांत त्याला गोदामातले वा नोंदवहीचे काम द्यावे आणि तपासणीचा खर्च स्वतः सोसावा.

तपासणाऱ्या डॉक्टरांनीही छातीत दुखते का, एवढेच विचारून थांबू नये. उठताना अंधारी येते का, गोळ्यांनी झापड येते का, रस्त्यावर चाक बदलता येईल का, ताडपत्रीचा दोर आवळताना दम लागतो का, हे विचारावे. रुग्णालयातून मिळालेला कागद आणि गोळ्यांची पाकिटे ड्रायव्हरने बरोबर न्यावीत.