सतरंजीची पाठ

‘सतरंज्या उचलणारा कार्यकर्ता’ हा शब्दप्रयोग मराठीत थोड्या उपहासानेच योजला जातो. ज्याच्या वाट्याला ना भाषण आले, ना हार, ना पद, असा तो बिचारा. मला मात्र तो शब्द ऐकला की अभिमानच वाटतो. भोपाळच्या गणेशोत्सवात, वयाच्या दहाव्या वर्षापासून, मी अशा कितीतरी सतरंज्या उचलल्या आहेत. कीर्तन संपावे, बायकामंडळी चपला शोधू लागाव्यात आणि आम्ही पोरांनी दोन्ही टोके धरून त्या लांबलचक पट्ट्या गुंडाळाव्यात. गुंडाळताना धूळ उडे, नाकात खाज येई; पण सतरंजी कशी धरावी, कशी ओढू नये, हे शिक्षण तिथेच झाले. आता मंडपात प्लॅस्टिकच्या खुर्च्या आल्या आणि खाली भाड्याचे हिरवे कृत्रिम आच्छादन आले. उचलायला सतरंजी उरली नाही, म्हणून तिची पारखही उरली नाही. हा लेख लिहिण्याचे तेच निमित्त. आणि दुसरे, अधिक खाजगी निमित्त पुढे येईलच.

प्रथम थोडे शब्दांविषयी. मराठीच्या शिक्षकाला तेवढी सवलत असावी. सात रंगांची म्हणून सतरंजी, अशी व्युत्पत्ती आपल्याकडे हौसेने सांगतात. ती गोड आहे, परंतु शब्द आला फारसी ‘शतरंजी’वरून, म्हणजे बुद्धिबळाच्या पटासारखी चौकड्यांची. मोठ्या रंगीत सतरंजीला आपल्या जुन्या घरांतून जमखाना म्हणत. धारवाड जिल्ह्यातील नवलगुंदचा जमखाना आजही प्रसिद्ध आहे, आणि तोच शब्द थेट तमिळनाडूत भवानी गावी ‘जमक्काळम’ होऊन बसला आहे. इकडे हिंदी मुलखात मात्र तिचे नाव दरी. माझी पत्नी साताऱ्याची. लग्न होऊन ती भोपाळला नवी आली असताना शेजारच्या भाभींनी दारात येऊन विचारले, “आपके यहाँ दरी है क्या?” सह्याद्रीच्या कुशीत वाढलेल्या त्या मुलीने निरागसपणे उत्तर दिले, “नहीं, यहाँ तो सिर्फ तालाब है.”

गालिचा आणि सतरंजी यांत पुष्कळांची गल्लत होते. ग्वाल्हेरच्या ज्या हातविणीच्या गालिच्यांना २०२३ साली भौगोलिक मानांकन मिळाले, ते गाठींचे. ताण्यावर एकेक गाठ मारायची, तिची टोके वर राखायची. म्हणून त्यांना लव असते, उलट-सुलट बाजू असते. सतरंजीला लव नाही. उभा ताणा आणि आडवा बाणा, एवढेच. पण बाणा इतका दाबून बसवतात की ताणा पूर्ण झाकला जातो, आणि दिसतो तो सारा रंग बाण्याचा. हा दाब देण्याचे हत्यार म्हणजे पंजा: लोखंडी दात्यांचा, मुठीत धरायचा, वाघनखाची आठवण करून देणारा. त्यावरूनच ‘पंजा दरी’ हे नाव. आपल्या मध्य प्रदेशात सिरोंज आणि अलीराजपूर जिल्ह्यातील जोबट येथे हे काम चालते. तुरुंगांतूनही एकोणिसाव्या शतकापासून सतरंज्या विणून घेण्याची प्रथा होती. पुण्याच्या येरवड्याचे त्यात मोठे नाव.

आता ते खाजगी निमित्त. १९५६ साली नवे मध्य प्रदेश राज्य झाले आणि राजधानी भोपाळला आली, तेव्हा नागपूरच्या सचिवालयातील शेकडो मराठी कुटुंबांनी बिऱ्हाडे बांधली. माझे वडीलही त्यांतलेच. निघण्यापूर्वी त्यांनी नागपूरच्या बाजारात एक सतरंजी घेतली, निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची, बारा फूट लांब. तात्या टोपे नगरातील सरकारी घरात तिच्यावर बारशी झाली, सत्यनारायण झाले, नागपूरहून परीक्षेला आलेले भाचे-पुतणे झोपले. पुढे आम्ही सदनिकेत राहायला आलो. खोल्या लहान, सतरंजी मोठी. ती मी मोठ्या काळजीने घडी घातली, जाड प्लॅस्टिकमध्ये गुंडाळली, दोरीने आवळली आणि माळ्यावर ठेवली. दोन पावसाळे गेले. गौरी-गणपतीला काढून पाहतो तो काळे ठिपके, कुबट वास, आणि उलगडायला ओढली तर घडीच्या रेषेवर ती कागदासारखी फाटली.

आई दारात उभी होती. ती रागावली नाही. म्हणाली, “अरे, हिच्यावर चाळीस वर्षं पंगती उठल्या, हिला काही झालं नाही. तू दोन वर्षं जपलीस, तर ही गत!”

सुती सतरंजीचा शत्रू पाय नव्हे, दमटपणा होय, हे मला असे कळले. प्लॅस्टिकमध्ये अडकलेली ओल बाहेर जात नाही; बुरशी सुताचा तंतूच खाते. तलावांच्या या गावी जून ते सप्टेंबर हवा कशी असते हे सांगायला नको. ठेवायचीच असेल तर घडी न घालता गुंडाळावी, बाहेरून जुने धुतलेले लुगडे किंवा चादर लपेटावी, आणि पावसाळ्यात उघडीप पडेल तेव्हा सोडून वारा द्यावा. घडी घालणे भागच असेल, तर दर वेळी घडीची जागा बदलावी. कसर लोकरीला लागते, निव्वळ सुताला नव्हे. पण सुताला खळ दिलेली असेल तर तीही कीटकांना मेजवानीच. तेव्हा कोरी सतरंजी न धुता वर्षानुवर्षे ठेवून देऊ नये.

त्या फाटलेल्या सतरंजीच्या जागी दुसरी आणावी म्हणून मी गौहर महालात भरलेल्या हातमागाच्या प्रदर्शनाला गेलो. कुदसिया बेगमने १८२० साली बांधलेला हा वाडा मोठ्या तलावाच्या काठी आहे. तिथल्या चौकात वस्तू पाहताना अर्धे लक्ष कमानींकडेच जाते. सिरोंजचा एक वृद्ध विणकर दऱ्या मांडून बसला होता. मी रंग पाहत होतो, नक्षीची स्तुती करीत होतो. तो हसून म्हणाला, “मास्साब, चेहरा सब देखते हैं. पलट के देखिए.” मग त्याने मला तासभर जे शिकवले, ते येथे माझ्या शब्दांत देतो.

खऱ्या सतरंजीची पाठ आणि पोट सारखेच दिसते. मागची नक्षी फिकी असेल तर ती विणलेली नव्हे, छापलेली. नंतर दशा पाहाव्यात. हातविणीच्या दशा म्हणजे ताण्याचेच सुटलेले धागे, पीळ देऊन गाठलेले. यंत्राच्या मालाला त्या बहुधा मागाहून शिवून लावतात, आणि कडाही यंत्राच्या टाक्यांनी बंद केलेल्या असतात. मग सतरंजी उजेडासमोर धरावी. जागोजाग उजेड झिरपत असेल, किंवा नखाने बाणा सहज सरकत असेल, तर पंजा नीट पडलेला नाही; ती वर्षभरात सैल होईल. नुसत्या वजनावर जाऊ नये, कारण खळीने वजन वाढते. ओल्या बोटाने चोळून चिकट लागले तर समजावे की कडकपणा सुताचा नाही, खळीचा आहे. दोन रंग जिथे उभे भेटतात तिथे कधी कधी फट राहते. चांगला विणकर दोन्ही रंगांचे धागे एकाच ताण्यावर आळीपाळीने वळवतो किंवा एकमेकांत अडकवतो. बोट जाईल एवढी फट असेल तर मुलाच्या पायाचा अंगठा त्यात अडकलाच म्हणून समजा. शेवटी ती जमिनीवर पसरून चारही कोपरे टेकतात का ते पाहावे. काठात किंचित वाकडेपणा असला तर बिघडत नाही, तो हाताचा आहे. कोपरा मात्र उचललेला नसावा.

रंगाची परीक्षा सोपी: पांढरा रुमाल ओला करून गडद भागावर चोळावा. रुमालावर रंग आला तर घरी कितीही मीठ टाका, तो पक्का होणार नाही. पक्का होण्याची वेळ रंगाऱ्याकडेच गेली. सुताविषयी शंका असेल तर दशेतला एक धागा मागून घेऊन जाळावा. सूत कागदासारखे जळते आणि मऊ राख सोडते, लोकरीला जळक्या केसांचा वास येतो, कृत्रिम धागा वितळून टणक मणी होतो.

किमतीची गोष्ट सांगायला मला थोडा संकोच वाटतो, कारण मीही घासाघीस केली. तो विणकर शांतपणे एवढेच म्हणाला, “इसमें चार हाथ लगे हैं, मास्साब.” रुंद सतरंजीला मागावर दोघे शेजारी शेजारी बसतात, आणि दोघांचा पंजा सारखा पडला नाही तर निम्मी सतरंजी घट्ट आणि निम्मी सैल होते. मी सांगितलेली किंमत दिली. हातमागांचे रक्षण करणाऱ्या १९८५ च्या कायद्यानुसार ज्या अकरा प्रकारच्या वस्तू हातमागासाठी राखीव आहेत, त्यांत जमक्काळम व दरी आहेत. पण बाजारातल्या ढिगाऱ्यात कायदा कोण वाचतो? २००६ पासून केंद्र सरकारची ‘हॅण्डलूम मार्क’ ही खूण आहे. ती असेल तर उत्तमच, नसेल तर वरची परीक्षा आपली आपण करावी.

रोजच्या निगेचे फारसे अवघड नाही. पंधरा दिवसांनी उलटावी. दोन्ही बाजू सारख्या असण्याचा हाच तर लाभ. भिंतीवर टाकून वेताच्या छडीने हलकेच झटकावी. टोक धरून फटका मारल्यासारखी झटकली तर दशांजवळचा बाणा सुटतो. सकाळचे तासभर ऊन पुष्कळ, दिवसभराचे नको. धुवायची तर थंड पाण्यात, रिठ्याने. ओली सतरंजी दोरीवर कधीही टाकू नये, स्वतःच्या भारानेच ती लांबते आणि वाकडी होते. खाटेवर आडवी पसरली की वरून-खालून वारा लागतो. काठाचा एक धागा सुटला तर त्याच दिवशी सुईने बांधावा, दुसऱ्या आठवड्यात ते रफूगराचे काम होते. गुळगुळीत फरशीवर सतरंजी सरकते, म्हणून घरात वयस्कर माणसे असतील तर खाली रबरी जाळी घालावी. येथे मी सौंदर्याचा विचार करीत नाही.

आणि हळद. मराठी घरातल्या सतरंजीला हळदीचा डाग लागणारच. अशा वेळी घाईने साबण लावू नये. साबणातल्या क्षाराने हळद लाल होते आणि पाहणारा घाबरतो. साध्या पाण्याने टिपून घ्यावे आणि सतरंजी उन्हात ठेवावी. हळदीचा पिवळा रंग उन्हाला टिकत नाही, एकदोन दिवसांत फिकट होतो. तेल सांडले तर आधी बेसन पसरावे, ते तेल ओढून घेते.

नागपूरच्या सतरंजीचा चांगला उरलेला भाग एका रफूगराने कापून, काठ दुमडून शिवून दिला. साडेतीन फुटांचा तुकडा निघाला. तो आता देवघरापुढे असतो आणि आई त्यावर बसून पोथी वाचते. सिरोंजची सतरंजी बैठकीत अंथरली आहे. यंदा चैत्रातल्या हळदीकुंकवाला तिच्यावर पन्हे आणि हळद दोन्ही सांडले. पत्नीने माझ्याकडे पाहिले, मी आईकडे पाहिले, आणि आईने गच्चीकडे बोट दाखवले.