छपाईच्या काँक्रीटमध्ये राख आणि राडारोडा

चकल्या पाडताना पीठ सैल झाले तर चकली पसरते आणि घट्ट झाले तर सोऱ्या दाबून हात भरून येतात. काँक्रीटची छपाई करणाऱ्या यंत्रापुढेही नेमकी हीच अडचण असते. इथे साचा नसतो. तोटीतून मिश्रण सोडत, थरावर थर चढवत भिंत उभी करायची. नळीतून ते सहज वाहिले पाहिजे, आणि बाहेर पडताच त्याने वरच्या थराचा भार पेलला पाहिजे. बंगळूरच्या केंब्रिज लेआउटमधील टपाल कार्यालय २०२३ मध्ये याच पद्धतीने बांधले गेले.

लहान तोटीतून मोठी खडी जात नाही. खडी कमी केली की सिमेंट वाढवावे लागते. सिमेंटसाठी चुनखडक भाजताना कार्बन डायऑक्साइड सुटतो, भट्टीच्या इंधनाचा धूर वेगळाच. म्हणजे साच्याचे लाकूड वाचवून आपण सिमेंट उधळतो! म्हणून काही सिमेंटच्या जागी टाकाऊ पदार्थ घालून पाहतात.

कोराडी, चंद्रपूरसारख्या औष्णिक वीजकेंद्रांतून निघणारी राख घ्या. तिचे बरेचसे कण गोल असल्याने मिश्रण नळीतून घरंगळत जाते. सिमेंट आणि पाणी यांच्या क्रियेत चुना सुटतो. राखेतील सिलिका त्याच्याशी संयोग पावून नवा बंधक पदार्थ तयार करते. मात्र हे काम आठवडे, महिने चालते, आणि पुढचा थर तर काही मिनिटांतच येऊन बसणार! राख जास्त झाली तर खालचा थर दबतो. मग फेरोसिलिकॉनच्या भट्ट्यांतून मिळणारी अतिसूक्ष्म सिलिका थोडी मिसळतात. तिने मिश्रण चिकट आणि घट्ट होते, पण ती महाग पडते.

पाडकामाचा राडारोडा दळून वाळूऐवजी वापरावा, तर त्याची खोड निराळी. त्याच्या कणांना चिकटलेला जुना सिमेंटचा मसाला सच्छिद्र असतो. तो मिश्रणातले पाणी पितो. हे नळीत घडले तर नळी तुंबते. तोटीबाहेर घडले तर उलट फायदाच, थर लवकर ताठ होतो. म्हणून किती पाणी शोषले जाईल ते आधी मोजावे लागते.

हे मोजमाप वर्गातही करता येते. बेसॉल्टचा आणि जुन्या गिलाव्याचा असे दोन तुकडे उन्हात चांगले वाळवून तोलावेत. रात्रभर पाण्यात ठेवून, वरचे पाणी टिपून पुन्हा तोलावेत. वाढलेल्या वजनाला कोरड्या वजनाने भागून शंभराने गुणले की शोषणाची टक्केवारी मिळते.