दम लागतो तो फक्त छातीमुळे नाही



“रिपोर्ट चांगला आलाय ताई, मग जिना चढताना दम का लागतो?” कोविडनंतर हा प्रश्न वस्तीत फार ऐकला. न्यूमोनियातून उठलेली आणि टीबीचा कोर्स पूर्ण केलेली माणसे तो आजही विचारतात. कुणी टॉनिक सुचवते, कुणी पडून राहायला सांगते. दुसरा सल्ला जास्त नुकसान करतो.

माणूस दोन-तीन आठवडे खाटेवर राहिला की मांड्या-पोटऱ्यांचे स्नायू झपाट्याने वाळतात. असे पाय लवकर थकतात आणि तेवढ्याच कामाला जास्त श्वास ओढावा लागतो. दम लागतो म्हणून माणूस बसतो, बसल्याने पाय आणखी वाळतात. फुफ्फुसावर राहिलेला व्रण व्यायामाने जात नाही. पण आहे त्या फुफ्फुसावर माणूस जास्त चालू शकतो.

दवाखान्यात याला पल्मनरी रिहॅबिलिटेशन म्हणतात. आठवड्यातून दोन-तीनदा, सहा ते आठ आठवडे फिजिओथेरपिस्टकडे जायचे. धुणीभांडी करणाऱ्या बाईने किंवा नाक्यावरच्या मजुराने एवढे खाडे कसे करायचे? म्हणून फोनवरून देखरेख ही पद्धत आपल्या कामाची.

चीनमध्ये कोविडमधून घरी आलेल्या, पण दम लागणाऱ्या 120 जणांवर ती तपासली गेली. निम्म्यांना मोबाइलवरून सहा आठवडे व्यायाम दिला. 2021 साली निकाल आला: सहा मिनिटांच्या चालण्यात त्यांची सुधारणा इतरांपेक्षा सरासरी 65 मीटरने जास्त. पायांत ताकद आली. फुफ्फुसाच्या तपासणीत मात्र दोन्ही गटांत फारसा फरक नव्हता. इंग्लंड-वेल्समध्ये 585 जणांच्या अभ्यासात आठ आठवड्यांच्या ऑनलाइन गटवर्गाचा फायदा वर्षभरानंतरही दिसला.

पहिली तपासणी मात्र प्रत्यक्षच हवी. मोठ्या सरकारी रुग्णालयात फिजिओथेरपी विभाग असतो. डॉक्टरांकडून तिथली चिठ्ठी मागून घ्या आणि “आठवड्यातून एकदा व्हिडिओ कॉलवर बघाल का?” असे स्पष्ट विचारा. न मागता हे क्वचितच मिळते.

घरी दहा बाय दहाची खोली पुरते. खुर्चीवरून हात न टेकता उठा-बसा, जागच्या जागी पावले, भिंतीला धरून टाचा उचलणे, अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली उचलणे. सुरुवात पाच मिनिटांनी. बोलता आले पाहिजे, गाता येऊ नये, एवढाच जोर. दम वाढला तर नाकाने श्वास घेऊन ओठांचा चंबू करून हळू सोडा, मेणबत्ती विझू नये इतका हळू. विहारातल्या उपासिका म्हणतात, आम्ही आनापान करतो, वेगळे कशाला? आनापानात श्वास आहे तसा पाहायचा असतो. इथे तो मुद्दाम लांबवायचा आहे. शिवाय बसून पाय बळकट होत नाहीत.

छातीत दुखले, चक्कर आली, ओठ निळे पडले किंवा खोकल्यातून रक्त आले तर लगेच थांबा आणि दवाखाना गाठा. ऑक्सिमीटर 88 च्या खाली गेला तरी थांबा. बसूनही आकडा वर आला नाही तर दवाखाना. हे यंत्र सावळ्या त्वचेवर काही वेळा खऱ्यापेक्षा जास्त आकडा दाखवते, म्हणून आकडा बरा असला तरी जीव घाबरा होत असेल तर जिवाचे ऐका. व्यायामाच्या दुसऱ्या दिवशी अंथरुणातून उठवेना इतका थकवा आला, तर रेटू नका. तो कमी करा आणि फिजिओथेरपिस्टला सांगा.

अडचण नेटपॅकपेक्षा वेगळी आहे. घरातला एकमेव स्मार्टफोन मुलाच्या किंवा नवऱ्याच्या खिशात असतो, आणि आजारातून उठलेली बाई दुसऱ्या दिवसापासून पाण्याचे हंडे वाहते. हंडा वाहणे म्हणजे व्यायाम झालाच की, असे घरचे म्हणतात. नाही झाला. त्यात मोजमाप नाही, थांबण्याची मुभा नाही. आठवड्यातला अर्धा तास फोन तिच्या हातात द्या आणि तेवढा वेळ हंडा दुसऱ्याने उचला. महिला मंडळाने विहारात एक फोन ठेवून चार-पाच जणींना एकत्र बसवले तर आणखी चांगले.