पत्रा की स्लॅब?

जुलै उजाडला की आमच्या कॉलेजातून बी.एस्सी. होऊन गेलेल्या पोरींचे फोन सुरू होतात. "मॅडम, अमरावतीला नंबर लागला. राहू कुठं?" मी मंगरूळपीरला रसायनशास्त्र शिकवते, खोल्यांची दलाली करत नाही. पण २००८ ते २०१० या दोन वर्षांत एम.एस्सी.साठी मी तीन जागा बदलल्या, त्यामुळे याही विषयात माझा अधिकार आहे असं पोरी धरून चालतात.

वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ला अकोल्यातून वेगळा झाला, पण आमचं विद्यापीठ अमरावतीलाच. जिल्ह्यातल्या काही कॉलेजांत पदव्युत्तर वर्ग आहेत. हवा तो विषय तिथं नसला की पोरीला गाव सोडावं लागतं. आणि गाव सोडायची वेळ नेमकी वाईट असते. प्रवेश होतात पेरणीच्या दिवसांत. घरातला पैसा बियाण्यात आणि खतात गेलेला, सोयाबीन हाती येणार दसरा-दिवाळीच्या सुमाराला, आणि घरमालकाला दोन महिन्यांचं डिपॉझिट हवं असतं जुलैत. आमच्याकडच्या बऱ्याच पोरींच्या राहण्याचा निर्णय या तीन महिन्यांच्या फटीत होतो. खोली कशी आहे हे बघणं मागं पडतं, आत्ता पैसे मागत नाही ती जागा चांगली ठरते.

माझंही तसंच झालं. आमचं गाव शेलूबाजारजवळ, आत्या कारंज्याला. "आपलं घर असल्यावर खोली काहाले पाह्यजे वं?" आत्याचं म्हणणं बिनतोड होतं. म्हणून चार महिने मी कारंजा-अमरावती अप-डाऊन केलं. एका बाजूनं साठ-पासष्ट किलोमीटर. वर विद्यापीठ मार्डी रोडला, म्हणजे एस.टी. स्टँडवर उतरून पुन्हा ऑटो. वाट बघण्यासकट रोजचे पाच तास रस्त्यात जायचे. प्रॅक्टिकलला बाकीचे सावकाश तिसरं रीडिंग घेत, आणि मी दुसऱ्यावरच ब्युरेट धुवायला लागे, कारण एक बस चुकली की आत्या दारात उभी. फुकटच्या त्या घरात मला सगळ्यात महाग पडलं ते हे तिसरं रीडिंग. मार्च २०२३ पासून बायकांना एस.टी.त अर्धं तिकीट झालंय, त्यामुळे अप-डाऊनचा मोह वाढलाय. मी पोरींना एवढंच सांगते, की तिकिटाच्या शेजारी तासही लिहून बघ.

सोयाबीन विकलं गेलं आणि नोव्हेंबरात मी गाडगेनगरात खोली घेतली. गाडगेबाबांनी पंढरपूर, नाशिक, आळंदीला लोकांसाठी धर्मशाळा बांधल्या, स्वतःसाठी खोपटही धरलं नाही. त्यांच्या नावाच्या वस्तीत मी आणि माझी पार्टनर डिपॉझिट देऊन राहत होतो, याची तेव्हा गंमत वाटायची. माझे बाबा खोली बघायला आले तेव्हा त्यांनी भाड्याचं नावच काढलं नाही. "पाणी किती वाजता येते थे इचार पह्यले." नळ, बोअर, टाकी, सगळं त्यांनी स्वतः चढून बघितलं. डोक्यावर पत्रा आहे हे मात्र ना त्यांच्या लक्षात आलं, ना माझ्या. नोव्हेंबरात कोण वर बघतं?

एप्रिलात कळलं. अमरावतीचा उन्हाळा चव्वेचाळीस अंशांपर्यंत सहज जातो, आणि परीक्षा असते त्याच दिवसांत. पश्चिमेची भिंत रात्री दहापर्यंत तापलेली. कूलर लावायचा म्हटलं तर मीटर एकच, आणि कूलरला रोज लागणारं पाणी मालकिणीच्या डोळ्यांवर आलेलं. मी स्पेक्ट्रोस्कोपीचा अख्खा पेपर जिन्याखाली बसून वाचला. खोली सोडताना "रंग खराब केला" म्हणून डिपॉझिटातून पैसे कापले गेले. लेखी काहीच नव्हतं, त्यामुळे भांडताही आलं नाही.

दुसऱ्या वर्षी वसतिगृहात जागा मिळाली. मेसच्या वरणात डाळ शोधावी लागे. गेट बंद व्हायची वेळ होती, आणि बिबट्या दिसल्याच्या बातम्याही. (विद्यापीठाच्या आवारात बिबट्या खरोखरच दिसत आलाय, बाजूला पोहऱ्याचं जंगल आहे.) पण प्रयोगशाळा पायी दहा मिनिटांवर होती. संध्याकाळी सातपर्यंत थांबता यायचं. माझा प्रोजेक्ट झाला तो या दहा मिनिटांमुळे.

आता पैशाचं. अनुसूचित जातीच्या मुलामुलींना सरकारी वसतिगृहात जागा मिळाली नाही, तर डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. घरचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत हवं, कॉलेज राहत्या गावात नको. अमरावतीसारख्या शहराला वर्षाला ५१,००० रुपये धरले आहेत. त्यातले २८,००० जेवणाचे, १५,००० राहण्याचे, ८,००० निर्वाहाचे. राहण्याचे पंधरा हजार दहा महिन्यांत वाटले तर महिन्याला दीड हजार. म्हणजे एकटीची खोली विसरा, पार्टनर शोधा. आदिवासी मुलांसाठी स्वयं योजना आहे, ओबीसी आणि भटक्या-विमुक्तांसाठी सावित्रीबाईंच्या नावाची आधार योजना. मात्र हे पैसे आधार जोडलेल्या खात्यात हप्त्यानं येतात आणि भाडं दर महिन्याला द्यावं लागतं, हे डोक्यात ठेवूनच मालकाशी बोलावं. "डिपॉझिट दिवाळीत देते" असं स्पष्ट विचारलं तर ऐकणारे मालक भेटतात. शेतकऱ्याच्या घरातून आलेले असले तर हमखास.

खोली बदलावी लागली की पोरींना हरल्यासारखं वाटतं. तेव्हा मी बाबासाहेबांचीच गोष्ट सांगते. १९१३ला न्यूयॉर्कला गेल्यावर ते आधी हार्टले हॉलमध्ये उतरले. तिथलं जेवण मानवेना, जागा बदलली, आणि शेवटी लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये नवल भथेना या पारशी मित्राबरोबर राहिले. ती मैत्री जन्मभर टिकली. पुढे लंडनला शिकताना ते ज्या घरात राहिले, ते किंग हेन्रीज रोडवरचं दहा नंबरचं घर महाराष्ट्र सरकारनं २०१५ला विकत घेतलं. आणि अमरावतीत तर पंजाबराव देशमुखांनी विलायतेहून शिकून आल्यावर श्रद्धानंद छात्रालय काढलं, सगळ्या जातींच्या पोरांनी एका छपराखाली राहून शिकावं म्हणून. कोणाला शिकता येईल, हे राहायला जागा मिळते की नाही यावर ठरतं, हे त्यांना शंभर वर्षांपूर्वी कळलं होतं.

गेल्या जुलैत एका पोरीनं शेगाव नाक्याजवळच्या खोलीतून व्हिडिओ कॉल केला. नवी फरशी, पांढराशुभ्र रंग, खिडकीबाहेर पाऊस. भाडं बसत होतं. तिचे बाबा मागे नळ सोडून बघत होते.

"छान आहे," मी म्हटलं. "आता मोबाइल जरा वर धर."

"वर काहून, मॅडम?"

"धर तर खरी."

तिनं धरला. पांढऱ्या पीओपीच्या चौकटी दिसल्या, मधोमध पंखा. पीओपीच्या वर काय आहे ते दिसेना. "बाबांना म्हणावं, गच्चीवर जाऊन या," मी म्हटलं, आणि फोन चालूच ठेवला.