रामदऱ्यात उजनीचं पाणी येणार, पण तळं कोण जपणार?

तुळजापूरच्या रामदरा तलावापर्यंत उजनीचं पाणी आणायचं आहे. कृष्णा-मराठवाडा योजनेतून ते उचलून सीना-कोळेगावमार्गे इथे पोहोचेल. सोबत तलाव परिसरात पर्यटन वाढवायचाही विचार आहे. दुष्काळी धाराशिवला पाणी हवंच. मग काळजी कशाची?

पहिली, पाण्यासोबत काय येतं याची. पुणे, पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी भीमेतून उजनीत पोहोचतं. त्यातल्या नत्र-स्फुरदावर शेवाळ आणि जलपर्णी फोफावते. तेच पाणी तळ्यात साठून राहिलं, तर इथेही तसंच होऊ शकतं.

दुसरी, काठाची. हिवाळ्यात तलावाचं पाणी उतरलं की चिखल उघडा पडतो. त्यातले किडे, गोगलगायी खायला स्थलांतरित पक्षी येतात. पर्यटकांचा हंगामही तोच. काठावर काँक्रीट आणि पाण्यात मोटरबोटी आल्या, की पक्ष्यांची जागा जाते.

मग कायदा काय म्हणतो? पाणथळ जागांच्या 2017 च्या नियमांतून सिंचन, पिण्याचं पाणी आणि मनोरंजनासाठी मुद्दाम बांधलेले तलाव वगळले आहेत. जायकवाडीला 1986 मध्ये पक्षी अभयारण्याचा दर्जा मिळाला, तो वन्यजीव कायद्याखाली. प्रत्येक तलावाला तसं कवच नसतं.

म्हणून जे काही वाचवायचं, ते आराखड्यातच लिहून घ्यावं लागतं. सांडपाण्यावर प्रक्रिया, पाण्याची नियमित तपासणी, बोटींना ठरलेली हद्द आणि पक्ष्यांसाठी मोकळा सोडलेला एक काठ. सुविधांची यादी जाहीर झाली, की त्यात या चार गोष्टी आहेत का, ते आधी बघा.