कान गाण्याला, डोळे स्पीकरला

1952 साली सुरू झालेली ‘बिनाका गीतमाला’ मराठवाड्यात पोचली ती रेडिओ सिलोनच्या शॉर्ट वेव्हवरून. बुधवारी रात्री 8 वाजता रेडिओभोवती घरदार जमायचं. आवाज मध्येच बुडायचा, पुन्हा वर यायचा, शेजारचं स्टेशन आत घुसायचं. तरुण कानाला 20 हजार हर्ट्झपर्यंत ऐकू येतं. त्या वाटेनं 5 हजारांच्या वरचं फारसं काही येतच नसे. तरी लताबाई कुठल्या आणि आशाबाई कुठल्या, हे कुणाला सांगावं लागलं नाही.

त्याच घरातला नातू आज नांदेडच्या वजिराबादेत किंवा लातूरच्या गंजगोलाईत स्पीकर बघायला निघतो, तेव्हा त्याची भाषा वेगळी असते. बास घुमतो, ट्रेबल टोचतो, आवाज खुलत नाही. या भाषेला हसायचं कारण नाही. कॅसेटच्या जमान्यात टेपदुरुस्तीवाले दुसरं काय करत होते? आवाज दबका झाला की आधी स्पिरिटच्या बोळ्यानं हेड पुसायचं. तेवढ्यानं भागलं नाही तर हेडशेजारचा बारीक स्क्रू केसभर फिरवायचा. हेड किंचित तिरकं बसलं तरी वरचे स्वर मरतात. स्क्रू जागेवर आला की झांज एकदम मोकळी वाजते. तिथं सगळी चिकित्सा गाण्यासाठी होती.

घोटाळा होतो तो डोळ्यांमुळं. 1994 साली फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी तेच स्पीकर लोकांना एकदा पडद्याआडून आणि एकदा समोर ठेवून ऐकवले. डबा दिसू लागताच लोकांनी दिलेले गुण बदलले. 2007 मध्ये मेयर आणि मोरान यांनी उच्च दर्जाचं रेकॉर्डिंग आणि तेच साध्या सीडीच्या दर्जावर उतरवलेलं, यांतला फरक ओळखायला लावला. 554 खेपांत 276 उत्तरं बरोबर आली. नाणं उडवलं असतं तरी एवढीच आली असती!

या सगळ्या हिशेबात खोली मात्र हमखास सुटते. माळवदाच्या जुन्या घरात मातीच्या जाड भिंती, लाकडी तुळया, कोपऱ्यात अंथरुणांची चळत. प्रतिध्वनीला जागाच नाही. स्लॅबच्या घरात खाली फरशी, वर काँक्रीट, टाळी वाजवली तरी खणखणते. 12 बाय 10 च्या खोलीत 12 फुटांच्या अंतरात साधारण 47 आणि 10 फुटांच्या अंतरात 56 हर्ट्झचा आवाज अडकून फुगतो. नवा वूफर आणून हे जात नाही. स्पीकर कोपऱ्यातून पुढं ओढला, बसायची जागा थोडी सरकवली, तर बरंच आटोक्यात येतं. भिंतीवर आजीची गोधडी टांगली की खणखणाट कमी होतो. खर्जाला मात्र तिचा उपयोग नाही. एवढं कळायला चिकित्साच लागते, आणि तिला पैसे पडत नाहीत.

पैसे घालून झाल्यावर बरेच हौशी लोक तीस-तीस सेकंदांचे तुकडे वाजवत बसतात. सिनेमाच्या गाण्याचं त्यानं फार बिघडत नाही, ख्यालाचं बिघडतं. नांदेडला अण्णासाहेब गुंजकरांकडे शिकलेल्या नाथराव नेरळकरांच्या परंपरेतलं गाणं असं तुकड्यानं कसं कळणार? विलंबित रंगायलाच वेळ लागतो. औशाच्या नाथ संस्थानच्या चक्रीभजनापुढं तर हाय-फायवाल्यांचा एक लाडका निकषच गडबडतो. कुठला आवाज डावीकडे, कुठला उजवीकडे, हे स्पष्ट कळलं की ते यंत्राला भरभरून गुण देतात. इथं भजन म्हणणारेच गोल फिरत असतात.

तेव्हा दुकानात जाताना आपल्या ओळखीचं एखादं लांबलचक रेकॉर्डिंग सोबत न्यावं. डेमोत नुसता ढोल आणि झांज ऐकवतात, ती ऐकून घ्यावी आणि मग आपलं लावायला सांगावं, तेही अख्खं. दुकानदार कंटाळेल, त्यानं तोवर दुसरं गिऱ्हाईक बघावं.