चार आण्यांची वर्गणी आणि रायगड

पाचाडहून गड चढलेल्या मुलांना महाराजांची समाधी आज नीटनेटकी दिसते. १८९५ साली मात्र तिची पार पडझड झाली होती. इंग्रज सरकारने देखभालीला मंजूर केले होते वर्षाला ५ रुपये!

त्या साली लोकमान्य टिळकांनी ‘केसरी’तून स्मारक निधीसाठी हाक दिली. फक्त संस्थानिकांकडे हात पसरला असता तरी काम भागलं असतं. पण त्यांनी सामान्यांकडूनही वर्गणी मागितली, देणाऱ्यांच्या याद्या छापल्या. १८९६ मध्ये गडावर उत्सव झाला.

वर्गात हे गणित जरूर घाला: रुपयाचे १६ आणे. प्रत्येकी ४ आणे काढले, तर सरकारचे ५ रुपये किती जणांत भरतील? अवघ्या वीस!

पण माझ्या मते पैसा ही यातली लहान गोष्ट. ज्याने एक आणा दिला, तो पुढे विचारतो, “आमच्या समाधीचं काय झालं?” बघणारा माणूस चळवळीतला होतो. (म्हणूनच पावती आणि हिशोब हवा, शाळेच्या वर्गणीलासुद्धा.)

पुढे १९२० च्या नागपूर अधिवेशनात काँग्रेसने सभासद वर्गणी ४ आणेच ठेवली. १९२१ मध्ये टिळकांच्याच नावाने स्वराज्य फंड उभा राहिला. उद्दिष्ट होतं १ कोटी रुपये.